चार्जिंगवरचं मंगळसूत्र

तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. हिरवी काठपदराची साडी नेसलेली एक बाई ओट्याशी उभी आहे, चेहऱ्यावर टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू आहे, आणि तिच्या गळ्यातून एक पांढरी वायर निघून मिक्सरशेजारच्या प्लगमध्ये गेलेली आहे. फोटोखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'पूर्वी फक्त गायीला दावं असायचं.' मुलुंडपासून न्यू जर्सीपर्यंतच्या तमाम मराठी माणसांनी तो एकमेकांना पाठवला. मला तो माझ्या सख्ख्या मावशीने पाठवला, 'बघ गं, काय काय निघतंय हल्ली' असं लिहून. ते जे काय निघालं होतं ते तिच्या भाचीनेच काढलं होतं, हे मावशीला ठाऊक नव्हतं. मी हसण्याची खूण पाठवली आणि फोन उलटा ठेवला.

भाचीने म्हणजे मी आणि माझ्या मैत्रिणीने. आम्ही दोघी इंजिनियर, कॉलेजपासूनच्या, आणि अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक गाळा आहे. एका बाजूला पुठ्ठ्याचे खोके करणारा, दुसऱ्या बाजूला देवांच्या मूर्तींना सोनेरी रंग मारणारा, आणि मध्ये आम्ही. तिथे बसून आम्ही दोन वर्षं जे यंत्र घडवलं ते म्हणजे स्मार्ट मंगळसूत्र.

हसू नका, आधी ऐका. आपल्याकडे मंगळसूत्राला दोन वाट्या असतात आणि एक माहेरची, एक सासरची असं म्हणतात. आम्ही प्रत्येक वाटीत सिमकार्डासकट एक इवलंसं सर्किट बसवलं. बाई अडचणीत सापडली की तिने वाटी बोटांत घट्ट धरून ठेवायची. डावी धरली की माहेरी फोन जाईल, उजवी धरली की सासरी. पर्समधला मोबाइल शोधायला नको, की बोलायला नको. माझ्या मते ही कल्पना झकास होती. माझ्या मते ती अजूनही झकास आहे, आणि ज्यांना तसं वाटत नाही त्यांच्याशी मी आता वाद घालत नाही, कारण घालून झाला आहे.

ही कल्पना मला सुचली त्याचं कारण आमच्या घरातला फोन. माझं लग्न झालं तेव्हा मुलुंडच्या आमच्या घरी फोन हॉलमध्ये असायचा, सासूबाईंच्या सोफ्याला लागून, क्रोशाच्या रुमालावर. मी आईला फोन लावला की टीव्हीचा आवाज आपोआप कमी व्हायचा. आई विचारायची, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "हो." "खरंच?" "हो गं." त्या 'हो'मधून काय ते आईने ओळखायचं. माझ्या सासूबाई काही वाईट नाहीत. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. पण रडायचं असेल तर माणसाला थोडी आडोशाची जागा लागते, ती त्या घरात नव्हती. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं, की बाईला हाक मारता यावी आणि ज्याला मारली त्यालाच ती ऐकू जावी. बाकी सगळं सर्किट म्हणजे त्याच्यावरची फोडणी.

माझी मैत्रीण मूळची मालवणकडची, वडील गिरणीत होते, आता राहते बोरिवलीला. तिने लग्न केलेलं नाही, त्यामुळे मंगळसूत्राकडे ती स्वच्छ नजरेने बघायची. तिला ते काळ्या मण्यांत गुंफलेलं एक बारकं मशीन दिसायचं. भांडवल घातलं ते घाटकोपरच्या एका पेढीवाल्यांनी. तीन पिढ्यांची सोन्याची पेढी, कपाळावर गंध, बोलणं साखरेत घोळलेलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो.

काकांची पहिली अट चार्जिंगवरून निघाली. मैत्रीण म्हणाली, रात्री काढून ठेवायचं, सकाळी घालायचं, मोबाइलसारखं.

काका खुर्चीत ताठ झाले. "काढायचं?"

"आंघोळीपुरतं तरी, यार काका. तासभर."

"आणि त्या तासात तिच्या नवऱ्याला काही झालं म्हणजे?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी इंजिनियर आहे, पृथ्वी गोल आहे हे मला मान्य आहे. पण मीसुद्धा मान हलवली ती काकांच्या बाजूने. मी स्वतः कधी काढलेलं नव्हतं. मग काय, वायर आली. चुंबकाने वाटीला चिकटणारी सुरेख पांढरी वायर. आधी मीटरभर केली. मग काका म्हणाले, बाई काय नुसती उभी राहणार का? तेव्हा पोळ्या लाटता येतील एवढी लांब केली. मग देवघरापर्यंत पोचावी म्हणून आणखी लांब. बायकांच्या सोयीचा इतका बारीक विचार यापूर्वी कोणी केला नसेल, असं आम्हाला मनापासून वाटत होतं.

दुसरी गोष्ट निघाली ती आमच्याच घरातून. तयार झालेलं पहिलं मंगळसूत्र मी स्वतः घातलं आणि एका रविवारी माहेरची वाटी धरून पाहिली. ठाण्याला माझ्या भावाचा फोन वाजला. तो बिचारा जेवत्या ताटावरून उठला आणि रिक्षा करून मुलुंडला आला. यंत्र चालतं म्हणून मी आनंदाने उड्या मारत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"म्हणजे माझ्या घरात काही झालं तर ठाण्याला कळणार, आणि मी इथे सोफ्यावर बसलेली, मला नाही?"

"अहो, सासरची वाटी आहे ना तुमची."

"ती तू धरलीस का?"

त्या दिवशी त्या नुसत्या ताकभातावर उठल्या. आमच्या घरात ताकभात हे निषेधाचं अन्न आहे. दुसऱ्या दिवशी मी हे हसत हसत काकांना सांगितलं, तर त्यांनी टेबलावर थाप मारली. "बरोबर बोलल्या त्या! विहिणीचा मान नको राखायला? अहो, पत्रिकेत एक नाव राहिलं तर आपल्यात माणसं जन्मभर बोलत नाहीत."

झालं. मानपान आला. ठरलं असं, की सुनेने माहेरची वाटी धरली तर सासरीही एक सौजन्याचा मेसेज जावा. त्या मेसेजच्या मजकुरावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली. 'आपली सून' की 'आपल्या सूनबाई'? 'मागितली' की 'मागितली असल्याचे'? शेवटी मजकूर ठरला: 'आपल्या सूनबाईंनी माहेरी मदत मागितली आहे. माहितीस्तव. कळावे, लोभ असावा.'

"लोभ असावा कशाला?" मैत्रीण म्हणाली.

"नाहीतर तुटक वाटतं," काका म्हणाले.

त्याच झटक्यात बॅटरी भरल्याचा मेसेजही सासरीच जाईल असं ठरलं, म्हणजे त्यांनाही सहभागी असल्यासारखं वाटेल. आमच्या घरी सासूबाई प्रसन्न झाल्या. मला वाटलं, चला, दोन्ही घरं खूश.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाचा मोका साधून मुलुंडच्या एका हॉलमध्ये आम्ही यंत्र लोकांपुढे आणलं. स्टेजवर खोटं स्वयंपाकघर उभं केलं होतं. वाण म्हणून प्रत्येकीला एकेक वायर दिली. काकांनी भाषणात सांगितलं, "आजपासून सौभाग्य चोवीस तास ऑनलाइन!" टाळ्या पडल्या. मग हिरव्या साडीतली मॉडेल ओट्याशी उभी राहिली, तिच्या गळ्याला वायर लावली गेली, आणि पुढच्या रांगेतल्या कोणीतरी मोबाइल वर केला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

संस्कृती सांभाळणारे आधी आले. मंगळसूत्राला बटण लावता, उद्या कुंकवाला ब्लूटूथ लावाल, आणि मग सप्तपदी डाउनलोड कराल. त्यांच्या पाठोपाठ पुरोगामी आले. पितृसत्तेला बॅटरी बसवली, असं एका बाईंनी लिहिलं. वाक्य इतकं चांगलं होतं की मला ते माझ्याविरुद्ध आहे हे विसरायला झालं. ही दोन्ही बाजूंची माणसं गेली कित्येक वर्षं कशावरही एकमत होऊ देत नव्हती. ती आमच्यामुळे एकत्र आली. त्याचं श्रेय मात्र आम्हाला कोणी दिलं नाही. मधल्या मध्ये एक गृहस्थ रोज एकच प्रश्न विचारत, 'पुरुषांच्या सुरक्षेचं काय?' त्यांना मैत्रिणीने शेवटी उत्तर दिलं, 'करदोटा काढतोय, थांबा.' त्यावर आणखी दोन दिवस धुळवड झाली.

एका वाहिनीने तिला चर्चेला बोलावलं. समोर जाकीट घातलेले एक विद्वान होते. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं लग्न झालंय?" ती म्हणाली, नाही. "मग मंगळसूत्रातलं तुम्हाला काय कळतं?" ती म्हणाली, "तुम्ही किती वर्षं घातलंत?" त्यानंतर तिच्या माइकमध्ये तांत्रिक बिघाड झाला.

घरातही काही वेगळं नव्हतं. नवऱ्याला ऑफिसात लोक विचारायचे, "काय रे, आज किती टक्के?" आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी सूचना टाकली, की सभासदांनी जिन्यातल्या प्लगवर मंगळसूत्रं चार्जिंगला लावू नयेत. एकीनेही लावलं नव्हतं. लावायचं तर तिला जिन्यातच उभं राहावं लागलं असतं. सासूबाई दुपारी चष्मा लावून लोकांच्या प्रतिक्रिया मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. "हा बघ, हा तुला बिनडोक म्हणतो. चेहऱ्यावरून बरा वाटतो गं, बँकेत असेल." भजनी मंडळात त्यांना बायका टोमणे मारायच्या, ते मात्र त्या मला सांगायच्या नाहीत. ते मला त्यांच्या ताकभातावरून कळायचं.

एवढं सगळं सोसून आम्ही तरलोही असतो. पण मग लग्नसराई आली.

आमच्या यंत्रात आणखी एक सोय होती. बाई चक्कर येऊन पालथी पडली तर वाटी उलटी होणार, हे ओळखून यंत्र आपणहून दोन्ही घरी कळवायचं. आणि आपल्याकडे नव्या नवरीला वाट्या उलट्याच घालतात. सुलट्या करतात त्या मागाहून, रीतसर. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला तर स्वतःच्या लग्नापासून ठाऊक होती. तरीही आम्हा दोघींच्या डोक्यात ती एकदाही आली नाही. अक्कल चरायला गेली होती असं म्हणावं, तर अंधेरीत चरायला गवत नाही. त्या हंगामातल्या ज्या ज्या नवरीने आमचं मंगळसूत्र घातलं ती ती यंत्राच्या मते भर मांडवात पालथी पडली. अंधेरीतल्याच एका मुलीच्या माहेरची माणसं डॉक्टर घेऊन दोन रिक्षांतून सासरी थडकली, तेव्हा ती पूजेच्या पंगतीत श्रीखंड खात होती. त्याचा व्हिडिओ झाला. हातात श्रीखंडाची वाटी घेऊन ती पोरगी म्हणतेय, "अगं आई, मी बसलेय!"

"वाट लागली," मैत्रीण म्हणाली. मग तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "काय करूचा गो आता?"

दुरुस्ती आम्ही दुसऱ्याच दिवशी केली. पण दुरुस्तीचा व्हिडिओ कोणी बघत नाही. आमचं यंत्र खोटं बोलतं, हे तेवढं सगळ्यांच्या डोक्यात राहिलं. मुलं खोटं बोलताना सापडली की आया म्हणायला लागल्या, "मंगळसूत्र झालंय नुसतं!"

त्याच सुमाराला एका दुपारी एक बाई आमच्या गाळ्यावर आली. तिशीची असेल. साधी कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी. तिच्या गळ्यात आमचं मंगळसूत्र होतं. ते पाहूनच माझं डोकं फिरलं. आता ही इथे येऊन ओरडणार, आणि मूर्तीवाला काम सोडून ऐकायला येणार. मी आवाज चढवूनच विचारलं, "काय, बिघडलं ना?"

"नाही ताई," ती म्हणाली. "चालतं. चांगलं चालतं."

मैत्रिणीने तिला खुर्ची दिली. चहा नको म्हणाली, मग घेतला. कप दोन्ही हातांत धरून बसली आणि हळूहळू सांगायला लागली. सासर घाटकोपरला, भाऊ कुर्ल्याला.

"त्या दिवशी मी ओट्याशी होते. माहेरची वाटी धरली. दादाला फोन गेला आणि तो निघालाही लगेच. पण तो निघेपर्यंत हॉलमध्ये सासूबाईंचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. अगदी 'लोभ असावा'पर्यंत."

"मग?"

"मग ह्यांनी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं." तिने चहाचा घोट घेतला. "ते राहू दे. दादा आला तेव्हा आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो होतो. सासूबाईंनी त्याला पोहे दिले. म्हणाल्या, 'अरे, त्या यंत्राचं तसंच आहे, टीव्हीवर नाही का दाखवलं, ती श्रीखंडवाली?' दादा हसला. सगळे हसले. मीपण हसले."

शेजारच्या गाळ्यात खोके ठोकण्याचा आवाज चालू होता. इतके दिवस अख्खा महाराष्ट्र आमच्या यंत्रावर बोलत होता. वायरवर बोलत होता, बटणावर, संस्कृतीवर, आमच्या शिक्षणावर, आमच्या चारित्र्यावर. त्या सौजन्याच्या मेसेजवर एकाही माणसाने अवाक्षर काढलं नव्हतं. सगळ्यांना तो योग्यच वाटला होता. मलाही वाटला होता. या बाईचा फोन मी उचलून तिच्या सासूच्या सोफ्याशेजारी नेऊन ठेवला होता, खाली क्रोशाचा रुमाल घालून. मला इतकी लाज वाटली की मी तिच्याकडे बघेनाच. मी म्हटलं, "तुम्हाला परत द्यायचं असेल तर…"

"परत द्यायला नाही आले मी." ती पहिल्यांदाच जरा जोरात बोलली. "परत देऊन काय करू? घरी सांगून आलेय, वायर नीट चिकटत नाही, बदलून आणते. सासरी कळतं तेवढं बंद करा. माझ्याकडे दुसरं काही नाहीये. मोबाइल ह्यांच्याकडे असतो. हे गळ्यातलं तेवढं कोणी काढून घेत नाही."

काकांची ती अट आठवून मला हसावं की रडावं कळेना. काढायचं नाही म्हणून आम्ही बाईला भिंतीला बांधलं होतं. आणि काढायचं नाही म्हणूनच ते हिच्याजवळ राहिलं होतं.

मैत्रीण एव्हाना कॉम्प्युटरपाशी जाऊन बसलीही होती. "सगळेच मेसेज बंद करते."

"नको, चार्जिंगचे चालू ठेवा," ती म्हणाली. "तेही बंद झाले तर त्यांना संशय येईल."

मैत्रिणीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तसंच केलं. तपासायचं म्हणून भावाच्या जागी थोडा वेळ माझा नंबर घातला. तिने डावी वाटी धरली. माझा फोन वाजला. मग आम्ही तिघी वाट बघत बसलो. तिकडे मेसेज गेला असता तर तिच्या सासूने आमच्या हेल्पलाइनला फोन लावून ठणाणा केला असता. हेल्पलाइन म्हणजे मैत्रिणीचाच मोबाइल. तो टेबलावर गप्प पडून होता. बराच वेळ झाला तरी वाजला नाही. मग मैत्रिणीने भावाचा नंबर परत घातला.

निघताना मी तिला नव्या वायरचा खोका दिला, घरी दाखवायला. पोलिसांचं बोलले, ओळखीच्या एका वकीलबाईंचं बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. "आधी बाहेर पडते," ती म्हणाली. "आणि दादाला सांगून ठेवते, पुढच्या वेळी पोहे खायचे नाहीत."

घरी आले. सासूबाई गवार निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. त्या शेंगा मोडत राहिल्या. मला वाटलं, आता ताकभात.

"तो मेसेज मी म्हटलं म्हणून घातलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आता मीच म्हणते, काढ. सगळ्यांचाच काढ." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि त्या पेढीवाल्याला सांग, एका सासूने सांगितलंय म्हणून." आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "तू मात्र मला न सांगता ठाण्याला जायचं नाहीस. तुझं वेगळं आहे." मला त्यांचा इतका लोभ त्यापूर्वी कधी वाटला नव्हता.

काका पेढीवर गादीला टेकून बसले होते. त्यांनी शांतपणे ऐकलं, मध्ये एकदा डोळेही टिपले. मग म्हणाले, "पोरीचं ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण एक सांगा, मंगळसूत्र घेतं कोण? सून येते का दुकानात? सासू येते. तीच वजन बघते, तीच घडणावळीवरून भांडते. जिने घेतलं तिलाच कळणार नाही, असा माल मी काउंटरवर ठेवू कसा?"

"एका सासूने सांगितलंय," मी म्हटलं.

"एक सासू म्हणजे बाजार नव्हे."

माणूस वाईट नव्हता. त्याला बाजार कळत होता, एवढंच. आम्ही तो मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला. जाहीर मात्र केलं ते फक्त नव्या मालापुरतं, म्हणजे आधी घेतलेल्यांच्या घरी संशय नको. चार्जिंगचा तेवढा ठेवला. तो का ठेवायचा हे आम्हाला आता कळलं होतं. काकांनी आठवडाभरात आपलं नाव काढून घेतलं, माल परत अंधेरीला पाठवला, आणि दिवाळीला मात्र मिठाई पाठवली.

मग दुसरी लाट आली. 'सासरला अंधारात ठेवणारं मंगळसूत्र.' 'घर फोडायचं यंत्र, आता घरपोच.' पहिल्या वेळी जे आम्हाला बायकांना बांधणारे म्हणत होते, त्यांतले बरेच जण आता बायकांना मोकाट सोडणारे म्हणायला लागले. पितृसत्तेच्या बॅटरीवाल्या बाईंनी एक लांबलचक लेख लिहिला, की आम्ही बाजारापुढे झुकलो. कुठल्या बाजारापुढे, ते लेखात नव्हतं. आमच्याकडे तर एकही शिल्लक नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी फक्त एक हात जोडलेलं चित्र टाकलं. त्याचा अर्थ कोणालाच कळला नाही, पण दहा जणांनी त्याला अंगठे दिले. मी चिडायचे, उत्तरं लिहायचे, खोडायचे. मैत्रीण म्हणायची, "सोड ना यार, कोणाकोणाच्या तोंडाला हात लावशील?" तरी माझी धुसफूस चालूच. आणि या सगळ्यात माझं अर्धं लक्ष घाटकोपरकडे असायचं. चार्जिंगचे मेसेज तिच्या सासरी जात होते, म्हणजे ती वायर लावून उभी राहत होती. त्यापलीकडे आम्हाला काहीच माहीत नव्हतं. जाऊन विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

पाऊस ओसरला, गणपती येऊन गेले. हेल्पलाइनवर आता शिव्यासुद्धा क्वचित येत. एका दुपारी आम्ही डबा खात होतो आणि मैत्रिणीचा मोबाइल वाजला. तिने स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात बांगड्याच्या कालवणात बरबटलेले होते.

"तुमचं यंत्र बिघडलंय," पलीकडून एका वयस्क बाईचा आवाज आला. करडा, पण घरंदाज.

"काय होतंय काकू?"

"काय होतंय म्हणजे? काही होतच नाही. चार्जिंग झालं, चार्जिंग झालं, एवढंच कळवतं. कामाचं काही कळवत नाही. आमची सून काल गेली."

मैत्रिणीचा घास हातातच राहिला. "गेली म्हणजे?"

"माहेरी गेली, कुर्ल्याला. कपडे-बिपडे घेऊन. भाऊ आला, खाली रिक्षा थांबवून वर आला, आणि घेऊन गेला. मी पोह्यांचं विचारलं तर उत्तरसुद्धा दिलं नाही. आम्ही सगळे इथे हॉलमध्ये बसलेलो, आणि कोणाला म्हणून काही कळलं नाही. त्याला कोणी बोलावलं? कधी बोलावलं? आधी कसा मेसेज यायचा व्यवस्थित!"

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि हात खराब असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हतं. मी फोन पुढे ओढला.

"मंगळसूत्र आम्ही केलं," बाई म्हणत होत्या, "आम्ही तिच्या गळ्यात घातलं, आणि फोन जातो त्यांना! दोन वाट्या आहेत ना? मग त्यातली आमची बंद पडलेली आहे. ती बदलून द्या. नाहीतर मी सगळीकडे लिहिणार आहे."

मी रागीट बाई आहे. बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं, त्या बाईंना आणि त्यांच्या हॉलमधल्या सगळ्यांना पुरून उरेल एवढं. पण हेल्पलाइनवर बसलेल्या माणसाने आधी तक्रार तपासायची असते. मी कॉम्प्युटरवर त्यांचं मंगळसूत्र उघडलं आणि नीट तपासलं.

"तुमची वाटी चालू आहे," मी म्हटलं. "तिच्यात काहीच बिघाड नाही. ती तिने कधी धरलीच नाही."